फेरिटिन ४१२ आणि गीतेतला ‘युक्त’



आजचं वाचन गीतेच्या सहाव्या अध्यायातले श्लोक १६ आणि १७. घरात ज्ञानेश्वरी असेल तर माउलींचं त्यावरचं निरूपणही काढून ठेवा, ओव्या थोड्याच आहेत.

कालपर्यंत आपण आसन, एकांत, स्थिर नजर आणि शेवटी मिळणारी शांती असं पायरी-पायरीने वर जात होतो. आज भगवंत एकदम ताटापाशी आणि अंथरुणापाशी येतात. जो फार खातो त्याला हा योग साधत नाही, आणि जो काहीच खात नाही त्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. हा झाला सोळावा. सतराव्यात दुसरी बाजू: ज्याचं खाणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं ‘युक्त’ आहे, त्याचा योग दुःख दूर करणारा ठरतो. त्या एका श्लोकात ‘युक्त’ तीनदा येतो.

खरं सांगायचं तर पहिल्या फेरीत हे दोन श्लोक मी चार ओळींत उरकले होते. अति तेथे माती, झालं, पुढे चला. या वेळी तसं करता येत नाहीये. मधल्या वर्षात याच दोन श्लोकांनी माझी परीक्षा घेतली आणि मी सपशेल नापास झाले. विषय होता लोह. रक्तातलं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचे पाहुणे आले म्हणून देवगिरीवर गेलो होतो. जनार्दनस्वामींमुळे मला या गडाची वेगळीच ओढ आहे, इथेच नाथांनी गुरुसेवा केली असं परंपरा सांगते. अंधारी पार करून उजेडात आले आणि पुढच्या पायऱ्या चढवेनात. छातीत धडधड, कानांत ठोके, डोळ्यांपुढे काजवे. माझी सात वर्षांची मुलगी वरून हाका मारत होती. सासूबाई, वय वर्षं चौसष्ट, माझ्या बरंच पुढे पोहोचल्या होत्या. ‘वर्क फ्रॉम होममुळे स्टॅमिना गेला’ म्हणून मी हसण्यावारी नेलं.

हिमोग्लोबिन निघालं ७. बाईमाणसाला १२ तरी हवं. फेरिटिन, म्हणजे शरीराने साठवलेल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा, फक्त ६. गर्भाशयात गाठ होती आणि दोन वर्षं पाळीत आठ-आठ, नऊ-नऊ दिवस भरपूर रक्त जात होतं. मी ते ‘सगळ्यांचंच असतं’ या खात्यात टाकलं होतं. एका अर्थाने ते खरंही आहे म्हणा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के जणींना रक्ताल्पता निघाली. निम्म्याहून जास्त! पण सगळ्यांचं आहे म्हणून ते ठीक आहे, असं होत नाही ना.

गोळ्या आधी घेऊन झाल्या होत्या. पोटात मळमळ, तोंडाला लोखंडाची चव, म्हणून पंधरा दिवसांत सोडल्या होत्या. त्यामुळे डॉक्टर मॅडमनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. किती द्यायचं याचं त्यांनी माझ्यासमोर गणित मांडलं आणि माझ्यातली इंजिनिअर खूश झाली. वजन ५० किलो, हिमोग्लोबिन १५ पर्यंत न्यायचं धरलं तर तूट ८. ५० गुणिले ८ गुणिले २.४ म्हणजे ९६०. रिकामं गोदाम भरायला आणखी ५००. एकूण १४६० मिलिग्रॅम. तो २.४ कुठून आला हेही मी विचारलं. हिमोग्लोबिनच्या वजनात लोह सुमारे ०.३४ टक्के असतं, रक्त शरीराच्या वजनाच्या साधारण ७ टक्के धरतात, बाकी एककांचा हिशेब. दर आठवड्याला ५००, असे तीन हप्ते ठरले.

पहिला हप्ता व्यवस्थित झाला. पाचव्या दिवशी ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. फॉर्मवर ‘नुकतंच सलाईन घेतलंय का’ असं काही विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. रात्री पावणेअकराला ॲपवर रिपोर्ट आला. फेरिटिन ४१२. लाल अक्षरात, वर जाणारा बाण. शेजारी मर्यादा छापलेली, १५०.

पुढचे अकरा दिवस मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी आज रात्री हेच करत असेल. मी पहाटे तीनपर्यंत जागून वाचलं. जास्त लोह यकृतात साठतं, हृदयात साठतं, स्वादुपिंडात साठून मधुमेह करतं. प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त ते माझ्याबद्दल नव्हतं, आणि हे कळायला लागणारी माहिती मी वाचत नव्हते. दर दहा मिनिटांनी मी यकृताच्या जागी पोट दाबून पाहत होते. दुखलं की वाटायचं, लोहच. इतक्यांदा दाबल्यावर दुखणार नाही तर काय होईल?

दुसरा हप्ता मी रद्द केला. ताप आलाय असं खोटं सांगितलं. डॉक्टरांना फोन करून ‘मॅडम, हा आकडा असा आलाय’ एवढं विचारायचं धाडस झालं नाही, उत्तर ऐकायचीच भीती वाटत होती. मग घरगुती उपाय. पालेभाज्या बंद, गूळ-शेंगदाणे बंद, पोह्यांवर लिंबू बंद. चहा लोहाला अडवतो हे माहीत होतं म्हणून जेवणावर मुद्दाम कडक चहा. सासूबाईंची पिढीजात लोखंडी कढई मी माळ्यावर टाकली. त्या तेवढं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अगं, मागच्या महिन्यात लोह नाही म्हणून रडत होतीस, आता लोह आहे म्हणून रडतेस. तुला नेमकं हवंय तरी काय?”

मला तेव्हा राग आला. आता वाटतं, सोळाव्या श्लोकावरचं हे बरंच चांगलं भाष्य होतं.

तीन महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटपर्यंत येताना पुन्हा तेच काजवे. हिमोग्लोबिन ८.६, फेरिटिन ९. ज्या लोहाच्या ओझ्याखाली मी झोपत नव्हते, ते संपूनही गेलं होतं. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी अर्ध्यातून उठून बाहेर बाकावर बसले. तिने घरी येऊन विचारलं, “आई, माझा डान्स तू पाहिलास का?” मी हो म्हणाले. हे दुसरं खोटं.

मग एकदाची डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, कागद पुढे ओढला. पुढचं बरंचसं त्यांच्याकडून, आणि थोडं नंतर मी नीट बसून वाचलं त्यातून.

आपल्या शरीरात एकूण लोह असतं जेमतेम ३ ते ४ ग्रॅम. त्यातलं बहुतेक रक्तपेशींमध्ये. तांबडी पेशी १२० दिवस जगते, मरते, तिच्यातलं लोह काढून घेऊन नवी पेशी बनते. असं रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह आतल्या आत फिरत असतं. बाहेरून रोज लागतं फक्त १ ते २ मिलिग्रॅम, कारण रोज गळतं तेवढंच. पाळी असेल तर थोडं जास्त. आणि मला थक्क करणारी गोष्ट ही: जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीरात मार्गच नाही. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड काढून टाकतं, लोहाला तसं दारच नाही. त्यामुळे सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावर. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक बनवतं. साठा भरला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्याच्या पेशींतून रक्तात जाणारी वाट बंद होते. मग खाल्लेलं लोह त्या पेशींतच अडकतं आणि त्या पेशी दोन-चार दिवसांत झडून जातात, त्यांच्यासोबत तेही. साठा आटला की हेप्सिडिन घटतं आणि दार उघडतं.

हा दारवान या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांच्या नजरेस आला. त्याच्यामुळेच आता बरेच डॉक्टर गोळी दिवसाआड देतात: एक गोळी पोटात गेली की हेप्सिडिन दिवसभर चढलेलं राहतं, लगेच दुसरी घेतली तर तिच्यातलं फारसं आत शिरत नाही, नुसती मळमळ वाढते. शौचाला काळं होणं हेही त्या न शिरलेल्या लोहामुळेच, ‘लोह जास्त झालं’ याची ती खूण नाही. (मला तीही भीती होती. यादी मोठी होती.)

म्हणजे तोंडाने घेतलेलं लोह दारवानाला विचारून आत येतं. शिरेतून दिलेलं लोह किंवा चढवलेलं रक्त मात्र त्याला वळसा घालून थेट आत. म्हणून तर डॉक्टर वजन आणि तूट मोजून गणित करतात. आणि म्हणूनच सलाईननंतर काही आठवडे फेरिटिन उंचच दिसतं. माल ट्रकमधून नुकताच गोदामात उतरलाय, कारखान्याने अजून उचललेला नाही. कारखान्याला, म्हणजे अस्थिमज्जेला, त्यातून रक्त बनवायला वेळ लागतो. निदान चार आठवडे, शक्यतो आठ, जाऊ द्यायचे आणि मग तपासायचं. मी पाचव्या दिवशी तपासलं होतं! डेटा मायग्रेशन चालू असताना डिस्क भरल्याचा अलर्ट येतो, तेव्हा आपण सर्व्हर बंद करतो का? ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला लॉगमधली वेळ बघायला लावली असती.

फेरिटिन आणखीही कारणांनी चढतं. ताप, कुठलीही सूज, फॅटी लिव्हर, दारू. म्हणून एकट्या त्या आकड्यावर कुणी निकाल देत नाही. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघतात. ट्रान्सफेरिन म्हणजे रक्तातून लोह नेणारी बस, आणि सॅच्युरेशन म्हणजे तिच्यातल्या किती सीटा भरल्या आहेत ते. साधारण २० ते ४५ टक्के ठीक. तेही सकाळी उपाशीपोटी आणि आदल्या दिवशीची गोळी चुकवून, कारण गोळीनंतर काही तास रक्तातलं लोह तसंही वर गेलेलं असतं.

आता दुसरी बाजू, कारण मला ‘काळजी करू नका’ असं सरसकट सांगायचं नाहीये. सोळाव्या श्लोकात दोन्ही टोकं आहेत. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. वर्षाला वीस पिशव्या धरल्या तर ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या शरीरात असतं त्याहून जास्त, आणि बाहेर जायला दार नाही. त्यांच्यासाठी लोह काढणारी औषधं ही रोजची गरज आहे. मी रात्री जे वाचत होते ते बहुतेक त्यांच्याबद्दलचं होतं. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेशी लहान दिसतात, हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, आणि फेरिटिन न बघताच कुणीतरी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू ठेवतं. लोह घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर डॉक्टरांना हे जरूर विचारा. बी-१२ बद्दलही विचारा, आपल्या शाकाहारी घरांत ते कमी असणं नवीन नाही. उपचार संपल्यावरही ‘ताकदीचं औषध’ म्हणून टॉनिक आपल्या मनाने चालू ठेवणारे काका आणि पाळी गेलेल्या मावश्या यांनीही एकदा फेरिटिन बघून घ्यावं. आणि घरात लहान मूल असेल तर लोहाच्या गोळ्या कुलपात. त्या रंगीत असतात, पेपरमिंटसारख्या दिसतात. दहा किलोच्या बाळाने ६० मिलिग्रॅमच्या दहाएक गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतू शकतं.

पण बहुतेकींच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. हिमोग्लोबिन जरा वर आलं, किंवा एखादा आकडा लाल दिसला, की गोळी बंद. खरं तर हिमोग्लोबिन सुधारल्यावरही गोदाम भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. त्या कधी थांबवायच्या हे सांगणाऱ्याकडे रिपोर्ट घेऊन जायचं, आणि शेवटचं सलाईन किंवा गोळी कोणत्या तारखेला घेतली हे त्यावर पेनाने लिहायचं. मी आता लिहिते.

परत श्लोकाकडे येऊ. एक सावधगिरी आधी: ही गीता आहे, डाएट चार्ट नाही. हे दोन श्लोक ध्यानाला बसणाऱ्यासाठी आहेत आणि मी त्यांचा लोहाशी लावलेला संबंध माझा आहे. तरीही सतराव्या श्लोकात मला एक गोष्ट आता दिसते जी आधी दिसली नव्हती. भगवंत आकडा देत नाहीत. किती घास, किती तास, काही नाही. माउलींनी इथे माप आणलं आहे, पण ते शेर-पायलीचं नाही, युक्तीचं आहे. मला हे खटकायचं. थ्रेशोल्ड नसलेला नियम मी कोडमध्ये कसा लिहू? पण ‘युक्त’चा धातू युज्, म्हणजे जोडणे. खाणं कशाला तरी जोडलेलं हवं: खाणाऱ्याला, त्याच्या भुकेला, त्या वेळेला. माझ्या ४१२ ला काहीच जोडलेलं नव्हतं. तारीख नाही, आठवडाभरापूर्वीचा ६ नाही, पाळीतून चालू असलेली गळती नाही. सुटा आकडा, लाल रंगात. आणि तो हातात धरून मी ‘अति’च्या भीतीने थेट ‘अजिबात नाही’वर उडी मारली, म्हणजे त्याच श्लोकाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर. मधली जागा मला दिसलीच नाही.

झोपेचंही तेच. श्लोकात जागण्याचा उल्लेख आहे हे मला तेव्हा पाठ होतं. त्या अकरा रात्री मी हरिपाठ करून मग फोन उघडायचे. हरिपाठ वीस मिनिटं, फोन चार तास. ध्यान कशावर होतं हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला जो अजून टोचतो: “भीती वाटली तेव्हा मला फोन का नाही केला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नेवासं आपल्या शहरापासून तास-दीड तासावर आहे. १२९० साली माउलींनी ज्ञानेश्वरी तिथे सांगून पूर्ण केली, त्या पैसाच्या खांबापुढे मी कितीदा बसले आहे. आणि ही सगळी गीता उभी आहे ती घाबरलेल्या माणसाने समोरच्याला विचारलं म्हणून. अर्जुनाने हात थरथरतायत हे लपवलं नाही, ताप आलाय असं सांगून तो घरी गेला नाही. मी गेले होते.

तूट नव्याने मोजून हप्ते पूर्ण केले. गाठीसाठी औषध चालू आहे, रक्त जाणं बरंच कमी झालंय. शस्त्रक्रिया करायची की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल. शेवटच्या हप्त्यानंतर आठ आठवडे थांबून तपासलं: हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ९६, सॅच्युरेशन २७ टक्के. मुलीला डान्सचं खरं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं, तुझी खुर्ची रिकामी होती.” आणि मग हॉलमध्ये तिने तो पूर्ण डान्स पुन्हा करून दाखवला, दोनदा.

उद्या श्लोक १८ आणि १९, वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याचा. वाचून या. कढई माळ्यावरून खाली आली आहे, आज तिच्यात मेथी आहे.

रामकृष्ण हरी.